हलू नका

वैशाख लागला की नगरच्या सावेडीतल्या आमच्या गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा फिरत नाही. निंबाचा मोहोर केव्हाच झडून गेलेला असतो, निंबोळ्या अजून हिरव्या असतात, आणि भट्टीचं दार उघडं टाकून कुणी गेल्यासारखा वारा येतो. गेला पावसाळा कोरडाच गेला, त्यामुळे यंदा टँकर पुन्हा दिसू लागलेत. टँकरच्या तोटीतून रस्त्याला लागलेली ती बारीक धार पाहिली की माझं डोकं फिरतं. परवा एका ड्रायव्हरला मी गॅलरीतून असं झापलं की शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. म्हणाल्या, आजी, बीपी वाढेल. वाढू दे म्हटलं.

माझी नात अनुजा पुण्याला पत्रकारिता शिकते. सुट्टीत आली ती कॉलेजने दिलेली पाणीटंचाईची बातमी करायला. बातमी म्हणजे काय, तर मोबाईल एका काठीला लावायचा आणि चालू पडायचं. मलाही तिने खिडकीत बसवलं. उजेड छान आहे आजी, जुन्या दुष्काळाबद्दल दोन वाक्यं बोल, म्हणाली. मी बोलले. तिने पाहिलं, पुसून टाकलं. पुन्हा बोलले, पुन्हा पुसलं. एवढ्या सहज पुसता येतं हेच मला सहन होईना. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "आजी, इतकी ताठ का बसतेस? जरा हल की!"

झालं. एवढ्या एका शब्दाने मी बोरमाळच्या बांधावर जाऊन उभी राहिले.

बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा, म्हणजे त्र्याहत्तर साल उजाडलेलं. मी कॉलेजात होते. सबंध जिल्हा तेव्हा एक तर खडी फोडत होता, नाहीतर माती वाहत होता. रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, ज्वारीसारखा. त्याची भाकरी थापली की तव्यावरच तिचे तुकडे व्हायचे, आणि आई रोज त्या भाकरीशी भांडायची. कामांवर सुकडी वाटायचे. भाजलेल्या पिठाचा तो गोडसर, कोरडा भुगा. तोंडात टाकला की घोटभर पाण्याशिवाय पुढे सरकायचा नाही, आणि पाणी तर नव्हतंच. त्या भुग्याची चव आजही कधी कधी उगाच जिभेवर येते.

चितळे रोडवर डावरेकाकांचा फोटो स्टुडिओ होता. काका वडिलांचे मित्र. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा: निळंशार तळं, त्यात दोन हंस. त्या वर्षी नगर शहरात सगळ्यात जास्त पाणी त्या पडद्यावर असेल. काकांनी लग्नं टिपायला म्हणून चावीचा एक जुना सिनेमा कॅमेरा घेतलेला होता. चावी भरायची, बटण दाबायचं, घुर्रर्र करत तो थोडा वेळ चालायचा आणि दमला की पुन्हा चावी. मुंबईत टीव्ही नुकताच सुरू झाला होता आणि त्यांना जिल्ह्या-जिल्ह्यांतली चित्रं हवी होती. काका चित्र घेणार, मी सोबत मजकूर लिहून देणार, आणि तो मुंबईत कुणीतरी वाचणार, असं ठरलं. कॉलेजच्या भित्तिपत्रकावरचे माझे लेख वाचून काकांना मी फार मोठी लेखिका वाटत होते. मलाही वाटत होतेच.

गंमत अशी की आम्ही दोघांनीही टीव्ही जन्मात पाहिलेला नव्हता. नगरात तो दिसतच नव्हता. रेडिओला काच बसवली की टीव्ही होतो, एवढंच आमचं ज्ञान. आपण पाठवलेलं रीळ धुतलं कसं गेलं, दिसलं कसं, दाखवलं की फेकलं, काही कळायचं नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. तरी उत्साह असा की विचारू नका.

उन्हाने रीळ खराब होतं म्हणून काकांनी युक्ती काढली होती. कोरड्या माठात डबी ठेवायची आणि माठाला बाहेरून ओलं फडकं गुंडाळायचं. हा माठ मांडीवर घेऊन मी पाथर्डीच्या एसटीत बसायची. आता दुष्काळात, भर उन्हात, ओल्या फडक्याचा माठ घेऊन पोरगी बसलेली! अख्खी गाडी माझ्याकडे पाहायची. एका म्हाताऱ्याने फक्त ओठ ओले करण्यापुरतं पाणी मागितलं. आत पाणी नाही, फिल्म आहे, हे त्याला सांगताना मला रडू फुटायचं बाकी राहिलं. त्याचा विश्वास बसला नाही. मी माठ तिरका करून दाखवला, तेव्हा तो आत बघून म्हणाला की असू दे, ज्याची त्याची तहान. नंतर मी पिशवीत पाण्याची बाटली वेगळी ठेवू लागले आणि पाथर्डी यायच्या आत ती रिकामी व्हायची.

बोरमाळ पाथर्डीच्या पुढे. दोन टेकड्यांच्या मध्ये पाझर तलावाचं काम चालू होतं. बांध इकडून आला, तिकडून आला, आणि मध्ये ओढ्याला वाट म्हणून ठेवलेली घळ तेवढी राहिली. ही घळ सगळ्यात शेवटी भरतात. ती भरली की तलाव झाला. पण नेमकं तिथंच घोडं अडलं. घळीच्या कामाला वेगळी मंजुरी लागत होती आणि ती मंजुरी कुठल्यातरी टेबलावर झोपली होती. काम बंद झालं. लोकांना लांबच्या रस्त्याच्या कामावर जायला सांगितलं. आणि घळ उघडी असताना पाऊस आला असता, तर ओढ्याने दोन्ही बाजू खात खात सबंध बांध वाहून नेला असता. म्हणजे पाण्याअभावी मरायचं आणि पाणी आलं की पुन्हा मरायचं. आमची बातमी ती होती. मुंबईत मोठी माणसं टीव्ही बघतात म्हणे. त्यांच्यापैकी एकाच्या नजरेला जरी ती घळ पडली, तरी काम भागणार होतं.

गावातल्या बायकांच्या टोळीची म्होरकी गयाबाई. उंच, काळीसावळी, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की टेकडीवरून हाक मारली तर खालचा बैल मान वळवायचा. दर दिवाळीनंतर ती सगळं घर घेऊन ऊसतोडीला जायची. तिचा मुलगा उसाच्या फडात जन्मला होता, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या खोपटात. आता सून पोटुशी होती. गयाबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तळं झालं तर खाली दोन पिकं निघत्याल. मंग माझी सून फडात बाळंत व्हनार न्हाई. मला एवढंच पायजे, बाकी काय न्हाई." हे सांगताना ती रडबिड काही नव्हती. चुलीवर किती माणसांचं करायचं ते सांगावं, तसं तिने सांगितलं.

मुंबईसाठी फोटो काढायचेत असा निरोप आधी गेला होता. आम्ही पोचलो, बघतो तर काय! सगळं गाव लग्नाला निघाल्यासारखं नटलेलं. बायकांनी पेटीतली इरकली लुगडी काढलेली, नाकात नथी, त्यातल्या निम्म्या शेजारच्या गावातून मागून आणलेल्या. पुरुषांचे फेटे. एका गड्याने तर त्या उन्हात लग्नातला काळा कोट चढवला होता. आणि हे सगळे बांधावर उंचीप्रमाणे ओळीत उभे. फोटो म्हणजे असाच असतो ना! आयुष्यात एकदा-दोनदा निघणारा, भिंतीवर लागणारा, आपल्यामागे राहणारा. फाटक्या कपड्यात कोण फोटो काढून घेईल?

काकांनी चावी भरली, डोळा लावला, एक हात वर केला आणि हयातभराच्या सवयीने खणखणीत आवाजात म्हणाले, "हलू नका!"

कोणी हललं नाही. कॅमेरा घुर्रर्र करत होता आणि अख्खं बोरमाळ श्वास रोखून उभं. कडेवरचं पोरसुद्धा डोळे न मिटता बघत होतं. फक्त पदर उडत होते. चावी संपली, पुन्हा भरली, पुन्हा "हलू नका". तिसऱ्यांदाही तेच. मी बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, काय शिस्त आहे या माणसांची! शपथ सांगते, आमच्या दोघांच्याही डोक्यात काही एक प्रकाश पडला नाही.

रीळ मुंबईला जायचं ते नगर-मुंबई गाडीच्या भिवाभाऊ कंडक्टरच्या हाती. दादरला माणूस येऊन त्यांच्याकडून डबी घ्यायचा. भिवाभाऊ ती डबी तिकिटाच्या पेटीशेजारी ठेवायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सोबत माझा मजकूर होता, पान भरून. त्यात भेगाळलेली भुई होती, आभाळाकडे लागलेले डोळे होते, सगळं होतं. घळ शेवटच्या ओळीत होती.

मग एक दिवस शेजारच्या कापड दुकानात ट्रंककॉल आला. मुंबईचे बातम्यांकडचे एक गृहस्थ बोलत होते. काका नुसते "हो, हो, बरोबर" म्हणत बारीक होत गेले आणि फोन त्यांनी माझ्या हातात दिला. गृहस्थ चिडलेले नव्हते, तेच जास्त लागलं. हसत होते. म्हणाले की चित्र हलायला हवं बाई, ही माणसं हलत का नाहीत? आणि हा दुष्काळ आहे की वरात? मग सांगितलं, पुन्हा घ्या, लवकर घ्या. फाटके कपडे हवेत, रडणारी एखादी बाई हवी, हाडकं निघालेलं जनावर मिळालं तर उत्तम. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण तेवढ्यात वेळ संपली आणि फोन तुटला.

काका स्टुडिओत येऊन त्या रंगवलेल्या तळ्यासमोर स्टुलावर बसले. म्हणाले, "शालन, अख्खी हयात लोकांना हलू नका सांगण्यात गेली गं. आता हे म्हणतात हलवा." मला हसू यायला लागलं, मग त्यांनाही आलं, पण ते टिकलं नाही, कारण घळ तशीच उघडी होती आणि उन्हाळा संपत आला होता. काकांनी एका लग्नासाठी राखून ठेवलेलं रीळ कपाटातून काढलं. लग्नाला साधे फोटो काढू म्हणाले.

पुन्हा तो माठ, पुन्हा ती एसटी. बोरमाळला जाऊन गयाबाईला हे सांगायचं कसं, याचीच मी वाटभर तालीम करत होते. नटूनथटून उभ्या राहिलेल्या माणसांना, तुम्ही पुरेसे दरिद्री दिसला नाहीत, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? शेवटी मी तिच्या ओट्यावर बसून जसंच्या तसं सांगून टाकलं. न हलणं, फाटके कपडे, रडणं, जनावर, सगळं. गयाबाई ऐकत होती. हातातलं सूप तिने खाली ठेवलं.

"फाटकं नेसून मी कामावर बी जात न्हाई, आन् मुंबईला बी जायाची न्हाई," ती म्हणाली. "आन् रडू कशापायी? रडून घळ भरती व्हय?"

मी म्हटलं, "मग दाखवायचं काय? काम तर बंद आहे."

तिने घळीकडे बोट केलं. मग म्हणाली, "बंद सरकारनं केलंय. आमी कुठं केलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी टोळी घळीवर हजर. हजेरी मांडणारा कुणी नाही, मजुरी मिळण्याची शक्यता नाही. तरी कुदळी, फावडी, पाट्या. आणि अंगावर पुन्हा तीच इरकली लुगडी! मी कळवळून म्हटलं, अहो, चांगली लुगडी खराब होतील. गयाबाईने काष्टा घट्ट केला, पदर खोचला आणि म्हणाली की मातीच हाय, झटकली की जाती. मुंबईला जायचं तर नीट नेसूनच जायचं, पण जाऊन उभं राहायचं नाही, एवढा फरक तिने मान्य केला होता.

काकांनी चावी भरली. हात वर गेला. तोंड उघडलं. मी धावणार तोच गयाबाई पुढे झाली आणि तिने सुकडीचा मूठभर भुगा काकांच्या उघड्या तोंडात कोंबला. काका बिचारे! गिळता येईना, थुंकता येईना, बोलायचं तर नावच नको. एक डोळा कॅमेऱ्याला, दुसऱ्यातून पाणी. त्या अवस्थेत त्यांनी जे चित्र घेतलं, तसं पुन्हा कधी घेतलं नसेल.

बायका पाट्या घेऊन चालत होत्या. खालून वर, वरून खाली, हातातून हातात. तासाभरात त्या लुगड्यांचा रंग ओळखू येईना. नथींवर धूळ बसली. काळ्या कोटवाला गडी कोट काढून खोऱ्याने माती ओढत होता. कुणी कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं, कारण पाहायला सवडच नव्हती. मी खडकावर बसून मजकूर लिहिला. भेगाळलेली भुई सुचलीच नाही. बोरमाळच्या तलावाची घळ उघडी आहे, लोक बिनमजुरीने ती भरताहेत, पाऊस यायच्या आत मंजुरी हवी, एवढंच लिहिलं. इतकं कमी लिहून मला पहिल्यांदा समाधान वाटलं.

रीळ भिवाभाऊंच्या हाती गेलं आणि मग नुसती वाट पाहणं. मुंबईचा फोन नाही, काही नाही. आई म्हणाली, देव पाण्यात घाल. म्हटलं, पाणी आण आधी. रोज संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे ढग आहेत का बघायची आणि ढग दिसला की घाबरायची. सगळा जिल्हा पावसासाठी डोळे लावून बसलेला, आणि मी एकटी म्हणत होते, थांब रे बाबा, चार दिवस थांब. तिकडे बोरमाळला काम थांबलंच नव्हतं. कॅमेरा गेला तरी सकाळच्या गारव्यात ज्यांना जमेल ते घळीवर येत होते, असा निरोप येत होता. एकदा सुरू केलं ते केलं.

आणि एका सकाळी भिवाभाऊ गाडीवरून उतरले ते खाकी कपड्यांतच स्टुडिओत आले. दादरला एका दुकानाच्या काचेत टीव्ही लावलेला असतो, समोर फुटपाथवर गर्दी असते, त्या गर्दीत टाचा उंच करून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. फार वेळ नव्हतं म्हणे. पण होतं. गर्दीतल्या कुणीतरी विचारलं की हे कुठलं गाव, तर यांनी छाती काढून सांगितलं, आमच्या नगरचं. काकांनी त्यांना चहा पाजला, मग बिस्किटं आणवली, आणि तेच तेच पुन्हा सांगायला लावलं. मी नाक पुसत पडद्यावरच्या हंसांकडे बघत होते.

त्याच आठवड्यात मंजुरी आली. चित्रामुळे आली, की कागद आपल्या पायांनी चालत आला, हे मला आजही माहीत नाही. साहेब आले, रोलर आला, हजेरीपुस्तक पुन्हा उघडलं. घळ भरली, त्यानंतर पाऊस आला, आणि बांध उभा राहिला.

अनुजाने विचारलं, आजी, ती फिल्म कुठे मिळेल? मी म्हटलं, कुठे मिळायची बाई? तिने बरेच फोन केले, बरंच शोधलं. नाही मिळाली. मी ती कधी पाहिली नाही, काकांनी पाहिली नाही, बोरमाळच्या एकानेही पाहिली नाही. बांध मात्र आहे. मधला भाग लांबूनही ओळखू येतो, कारण त्याचा मुरूम जरा लालसर आहे. यंदाच्या कोरड्या सालातही तळाशी डबकंभर पाणी आहे आणि खालच्या विहिरी आटलेल्या नाहीत, हे अनुजाने जाऊन पाहिलं. तिची बातमी तीच झाली. पोरगी हुशार आहे, माझ्यासारखी पान भरून लिहीत नाही.

पण तिच्या मोबाईलमध्ये मावलं नाही ते इथे सांगते. मंजुरी आल्यावर मी बोरमाळला गेले होते. घळीवर काम जोरात होतं. गयाबाई गुडघाभर मातीत उभी होती, साध्या लुगड्यात, डोक्यावर चुंबळ. मला वाटलं, ती साहेबाचं सांगेल, रोलरचं सांगेल. तिने पाटी खाली टेकवली, घाम पुसला आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "दिसलो का गं आमी?"

"दिसलात."

"कुनी बघितलं?"

"आमच्या कंडक्टरने. दादरला. गर्दी होती म्हणाला."

मला वाटलं, आता लुगड्याचं विचारेल, नथीचं विचारेल. काय सांगायचं ते मी जुळवत होते.

"हलत हुतो?"

"हलत होतात, गयाबाई. भराभरा चालत होतात म्हणाला."

तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की माझेच डोळे भरून आले. तिने मागे वळून, टेकडीवर पोचेल अशा आवाजात हाक दिली, "बायांनो, हललो गं आपुन!" आणि वाकून पाटी उचलली.